कायशुद्धी

“हाडापासून करतात हे,” असं म्हणत त्यांनी ती कॅप्सूल दोन बोटांनी उचलली आणि ताटाबाहेर ठेवली. “वरचं कवच असतं ना, ते गुरांची हाडं-कातडी उकळून काढतात. मी नाही घेणार.”

मी तव्यावरची चपाती उलटत होते. ती तशीच करपली.

“अहो, डॉक्टरीणबाईंसमोर तर हो म्हणालात!”

“त्यांच्याशी काय वाद घालायचा? त्यांना आपल्या व्रताचं काय कळतंय?” त्यांनी आमटीचा भुरका मारला. “तू घे ना. तुला कोण नको म्हणतंय?”

मला कोण नको म्हणतंय! जसं काही मी बाजारातून आलेल्या बोरांबद्दल विचारत होते.

आम्ही सांगलीचे दिगंबर जैन. हळदीचा व्यापार. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. माझ्या माहेरीही तेच, त्यामुळे मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. आमचे हे, म्हणजे भरतेश मगदूम, तर आदल्या वर्षीच्या चातुर्मासात महाराजांसमोर उभे राहून व्रतं घेऊन आले होते. एवढ्या कमी वयात व्रती झालेला माणूस म्हणून मंदिरात त्यांना मान होता. बायका मला म्हणायच्या, “त्रिशला, नशीबवान गं बाई तू!” आणि मी खुळी मान डोलवायची.

त्या कॅप्सुला कशासाठी होत्या, ते सांगायला हवं.

आम्हाला मुलगी झाली होती. सातव्यातच पाणी गेलं, आणि ती आली ती एवढीशी, माझ्या तळहातावर मावेल अशी. मिरजेच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांच्या मध्ये खड्डे पडायचे. एकामागून एक औषधं झाली, इंजेक्शनं झाली, कशानं म्हणून उतार पडेना. बारसं व्हायच्या आधीच ती गेली. तिला मी नाव ठेवलं होतं मनात, पण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि इथंही सांगणार नाही.

ती पेटीत असताना तिच्या श्वासनळीतलं पाणी डॉक्टरीणबाईंनी मुंबईला तपासायला पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं ते ती गेल्यावर कित्येक महिन्यांनी. मग त्यांनी मला बोलावून माझीही तपासणी केली, आणि एक दिवस आम्हा दोघांना समोर बसवलं. हर्डीकर त्यांचं नाव. बोलायला फटकळ, पण मनानं निर्मळ बाई.

“दोघींतही तोच जंतू निघाला,” त्या म्हणाल्या. “युरियाप्लाझ्मा. आपल्याकडं क्वचितच कुणाला सापडतो, कारण कुणी शोधतच नाही. इतर जंतूंना बाहेरून भिंत असते, याला नाही. आपली नेहमीची इंजेक्शनं ती भिंत फोडून जंतू मारतात. याला भिंतच नाही तर ती फोडणार काय? म्हणून तुझ्या लेकीला काही लागू पडलं नाही.”

“पण हा आला कुठून?” मी विचारलं.

“बाईच्या किंवा पुरुषाच्या आतल्या जागी गुपचूप राहतो. बाईला बहुतेक वेळा कळतही नाही. पुरुषाला फार तर लघवीला जळजळ होते, थोडा स्राव जातो. पण पोटुशीच्या अंगात तो वर चढला तर पाणी लवकर जातं, आणि बाळाच्या छातीत शिरला तर काय होतं ते तू पाहिलंस. तुमच्या बाबतीत हेच घडलं असं मी शपथेवर नाही सांगत, पण दुसरं कारण मला दिसत नाही.” मग त्या यांच्याकडं वळल्या. “हा नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याकडं जातो. तुम्हाला कधी काही त्रास?”

“छे!” हे म्हणाले, आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

“असो. आधी कुणाला झाला ते जंतू सांगत नाही, आणि मला विचारायचंही नाही. औषध मात्र दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. एकानं घेतलं आणि दुसऱ्यानं नाही, तर तो पुन्हा फिरून येणार. मग पुढचं मूल होऊ द्या असं मी म्हणणार नाही.”

पुढचं मूल. मला बाकी काही ऐकूच आलं नाही. माझं वय निघून गेलं नव्हतं, माझी ओटी पुन्हा भरू शकत होती, आणि त्यासाठी काय करायचं तर दोघांनी कॅप्सुला गिळायच्या. एवढंच ना? मी तर विष गिळलं असतं.

परतताना स्कूटरवर हे म्हणाले, “तुझ्या माहेरची ती विहीर. तिथल्या पाण्यातनंच आलं असणार काहीतरी.”

“नवरा-बायकोतच जातो असं त्या म्हणाल्या की.”

“बायकांच्या अंगात काही ना काही असतंच, त्रिशला. वाईट वाटून घेऊ नकोस. मी कुणाला बोलणार नाही.”

बघा, केवढा मोठेपणा! मला तेव्हा खरंच भरून आलं होतं. माझ्या अंगातली घाण माझ्या लेकीला बाधली, आणि हा देवमाणूस मला सांभाळून घेतोय, असंच वाटलं मला.

आणि घरी आल्यावर कॅप्सूल ताटाबाहेर गेली.

मी गप्प बसले नाही. दुसऱ्याच दिवशी मिरज गाठली. गोळीच्या रूपात ते औषध तेव्हा आमच्याकडं मिळत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं मग कवच उघडून आतली पूड मधात कालवून द्या त्यांना.”

“बाई, मध तर आम्हाला त्याहून वर्ज्य.”

“मग पाण्यात दे गं बाई! गुळाच्या पाण्यात दे, कशातही दे!”

मी गुळाचं पाणी केलं, पूड कालवली आणि पेला यांच्यापुढं धरला. कवच त्यांच्या नजरेलाही पडू नये म्हणून आधीच लांब टाकून आले होते.

त्यांनी पेल्याकडं पाहिलं. “कवचाचा स्पर्श तर झालाच की पुडीला.”

“अहो, औषध आहे. महाराजांना विचारू आपण. आजारी माणसाला सूट असते.”

“मी आजारी नाही,” ते म्हणाले. “आजारी तू आहेस.”

“आपल्याला मूल नको का?”

“हवं की. तू बरी हो, मग बघू.” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चातुर्मास आहे, मी तसंही ब्रह्मचर्य पाळतोय. घाई कसली आहे?”

त्या दिवसापासून त्यांची वळकटी माडीवर गेली. गल्लीत त्याचीही वाहवा झाली.

माझ्या मी घेतल्या. देवघराकडं पाठ करून, मनात णमोकार मंत्र म्हणत पहिली कॅप्सूल जिभेवर ठेवली. जन्मात जे केलं नाही ते करत होते. घशाशी ती चिकटली, ओकारी आली, तरी वरून पाणी ओतून ढकलली. माझी लेक गेली होती. व्रत गेलं तर जाऊ दे म्हटलं.

मी कुणाला बोलले नाही, पण सासूबाईंना कळलं. आम्ही सासूला आत्ती म्हणतो. आत्तींना सांगितलं ते यांनीच. ‘मी कुणाला बोलणार नाही’ म्हणणाऱ्या माणसानं आईला मोजून दोन गोष्टी सांगितल्या: तिला बायकी लागण झालीय, आणि ती हाडाची औषधं खातेय. आत्ती मनानं वाईट नव्हत्या, भित्र्या होत्या. रडल्या, मला मंदिरातल्या साध्वी माताजींकडं घेऊन गेल्या. माताजींनी प्रायश्चित्त दिलं, मी वर्षभरासाठी साखर-गूळ सोडला. तरीही आत्ती म्हणाल्या, “रोजचं रांधायला हरकत नाही गं, पण चौक्यात मात्र तू नको.”

चौका म्हणजे मुनींच्या आहारासाठी मांडलेलं शुद्ध स्वयंपाकघर. मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत, आणि कुणाच्या घरी जाणार ते आधी सांगत नाहीत. मनात काहीतरी ठरवून निघतात. आज दारात कळस दिसला तरच थांबायचं, आज नारळ दिसला तरच थांबायचं, असं. ते जुळलं नाही तर पुढं जातात. आणि ज्यांच्या दारात थांबतात, त्यांनी आधी तोंडानं सांगायचं असतं की आमचं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, काया शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. त्याशिवाय मुनी उंबरा ओलांडत नाहीत.

त्या वर्षी आमच्या गल्लीत पाच-सहा घरांनी चौका लावला होता, त्यात आमचंही. सकाळपासून घर धुऊन झालं, विहिरीचं पाणी गाळून झालं. हे नवं कोरं धोतर नेसून, उपरणं घेऊन, हातात कळस-नारळ घेऊन दारात उभे राहिले. मी मागच्या सोप्यात बसले होते, चौक्यापासून लांब. सणाच्या दिवशी बाहेरची बसावी तशी. अंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसले होते, पण ते कुणाला दाखवायला?

आत्ती आतून फुलपात्र घ्यायला आल्या आणि माझं तोंड बघून तिथंच थबकल्या. मग हळूच माझ्याजवळ बसल्या.

“वाईट वाटून घेऊ नकोस गं पोरी. होतं माणसाच्या हातनं. तू निदान प्रायश्चित्त तरी घेतलंस. आमच्या भरतेशनं तर तेही घेतलं नाही.”

“कशाचं प्रायश्चित्त?”

“कॅप्सुला खाल्ल्याचं. त्यानंही खाल्ल्यात की! कुणाला बोलू नकोस हं. गेल्या साली इरोडला हळदीच्या बाजाराला गेला होता ना, तिकडनं आला तो उन्हाळी घेऊनच. लघवीला गेला की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. प्रवासात पाणी पीत नाही मेला, मग उष्णता वाढते. तिकडच्याच कुठल्या डॉक्टरानं दिल्या होत्या. तुझ्या आहेत ना, अगदी तश्शाच, हिरव्या-पिवळ्या. मीच दुधातनं द्यायची दोन वेळा. चार दिवसांत आराम पडला, तशा उरलेल्या त्यानं फेकून दिल्या.”

“कधीची गोष्ट ही, आत्ती?”

“तू नव्हतीस इथं. डोहाळजेवणाला माहेरी गेली होतीस बघ आठ दिवस, तेव्हा.”

डोहाळजेवण. मी तिकडं हिरवा शालू नेसून, फुलांची वाडी भरून बसले होते. आणि आठ दिवसांनी हे मला न्यायला आले होते. गजरा घेऊन. त्या रात्री मी त्यांना म्हणाले होते, आता सांभाळून हं, दोन जीव आहेत. ते हसले होते.

कुठली माहेरची विहीर आणि कुठलं काय! व्रत त्यानंतरचं होतं. आणि कॅप्सूल हाडाची असते हे ज्ञान त्याच्याही नंतरचं. मी आपली पूड कालवत होते, गुळाचं पाणी करत होते, या माणसाच्या पाया पडत होते.

आत्ती उठून चौक्यात गेल्या. मी तशीच बसून राहिले. एवढ्यात बाहेर गलका झाला, “आले, महाराज आले!”

“हे स्वामी नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ!” यांचा खणखणीत आवाज. मग समोरच्या उगारेकाकूंचा ओरडा, “अहो भरतेश, पुढं चाललेत ते! जोडीनं उभे राहा की! वरच्या दोन घरीही थांबले नाहीत, जोडपं हवंय त्यांना आज!”

“त्रिशला!” हे धावतच मागं आले. “ऊठ, ऊठ लवकर! पदर घे डोक्यावर.”

“मी?”

“मग दुसरं कोण? चल!”

“मी तर चालत नाही ना चौक्यात?”

“राहू दे गं ते आता, कुणाला कळतंय!” आणि माझा दंड धरून त्यांनी मला दारात आणून उभं केलं, माझ्या हातात नारळ दिला.

कुणाला कळतंय! या माणसाचा सगळा धर्म त्या दोन शब्दांत मावत होता.

महाराज चार घरं पुढं गेले होते. ते वळले. उजवा हात खांद्याला टेकवलेला, डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. आमच्या दारासमोर आले आणि थांबले. गल्लीभर “जय हो” झालं. आम्ही दोघांनी त्यांना तीन प्रदक्षिणा घातल्या, हे पुढं आणि मी मागं. आत्ती आत चौकटीशी हात जोडून रडत होत्या, आनंदानं.

“मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे, स्वामी. गृहप्रवेश करावा.” एकही शब्द अडखळला नाही त्यांचा. पाणी प्यावं तसं सहज बोलले.

आता माझी पाळी होती. महाराजांनी माझ्याकडं पाहिलं. म्हातारे होते, खूप चालून आलेले, पायाला भेगा. मला वाटलं, म्हणून टाकावं. सगळी गल्ली बघतेय, म्हातारा माणूस कालपासून उपाशी आहे, चार शब्द तर आहेत. तोंड उघडलंही मी. पण पहिल्याच शब्दाला अडले. मन शुद्ध? माझं मन त्या क्षणी इतकं पेटलं होतं की हातातला नारळ मी यांच्याच डोक्यावर फोडला असता. आणि काया? काया तर यांनीच नासवली होती.

“बोल ना!” हे दातओठ खात कुजबुजले.

मी नारळ खाली ठेवला. महाराजांना हात जोडले आणि मान हलवली, नाही म्हणून.

ते रागावले नाहीत. क्षणभर थांबले, आणि वळून निघाले. तोवर समोर उगारेकाकूंनी काकांनाही शेजारी उभं केलं होतं, त्यांच्या घरी आहार झाला. महाराज उपाशी राहिले नाहीत, एवढं एक बरं झालं.

यांनी दार लावून घेतलं आणि माझ्यावर धावूनच आले. “चार शब्द बोलायला जीभ झडली तुझी? दारातनं मुनी परत पाठवलेस! लोकांना तोंड कसं दाखवू मी? कोणत्या जन्मीचं पाप म्हणून तू गाठ पडलीस मला!”

“खोटं कसं बोलू?”

“तुझं नव्हतं शुद्ध तर माझं तरी होतं ना?”

“इरोडची उन्हाळी,” मी म्हणाले. “हिरव्या-पिवळ्या कॅप्सुला. दुधातनं. तेव्हा हाडं नव्हती का त्यांत?”

त्यांनी आईकडं पाहिलं. आत्तींच्या हातात पळी तशीच होती.

“मी... मी आपलं तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं रे,” आत्ती म्हणाल्या. “उन्हाळीच होती ना ती?”

त्यांनी चौक्यातला पाट पुढं ओढला.

“भरतेश, उन्हाळीच होती ना?”

ते पाटावर बसले. खांद्यावरचं उपरणं काढून त्याची घडी घालायला लागले, पुन्हा मोडायला लागले. माझ्या मनात तेव्हाही एक वेडी आशा होती, सांगते तुम्हाला. वाटत होतं, म्हणतील, ‘मला माहीतच नव्हतं गं, मला कुणी सांगितलंच नाही.’ तेवढं म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता. त्या घरात राहिलेही असते.

“त्या डॉक्टरानं काय सांगितलं होतं तुम्हाला?” मी विचारलं. “खरं सांगा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी सांगा.”

ते खाली बघूनच बोलले. “बायकोपासून लांब राहा म्हणाला. तिलाही लगेच डॉक्टरला दाखवा, पोटुशी आहे तर तिच्यासाठी वेगळं औषध असतं म्हणाला.”

आत्तींनी हातातली पळी खाली ठेवली.

“आणि तुम्ही गजरा घेऊन आलात.”

“मला वाटलं, मी बरा झालो.” मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण स्वर भांडणाचाच होता. “काय सांगायचं होतं मी तुला? कुठं गेलो होतो, कुणाकडं गेलो होतो, ते? आणि सांगितलं असतं तर तू राहिली असतीस का या घरात?”

“नसते राहिले,” मी म्हणाले. “पण ती राहिली असती.”